‘सिस्टिम घेत नाही’ म्हणता, मग सही कोणी केली?

मागच्या आठवड्यात मालमत्ता कर भरायला नागरी सुविधा केंद्रात गेलो होतो. रांगेत माझ्या पुढे पंच्याहत्तरीचे एक काका. हातात बिल, पिशवीत मोजून आणलेले पैसे. थकबाकीतली निम्मी रक्कम आज भरायची आणि उरलेली पुढच्या महिन्यात पेन्शन झाली की, असा त्यांचा हिशेब. खिडकीतल्या ताईंनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काका, सिस्टिम घेत नाही. पूर्ण भरणार असाल तर सांगा."

काकांनी पैसे परत पिशवीत ठेवले आणि निघून गेले. माणूस स्वतःच्या पायांनी कर भरायला आला होता आणि आपण त्याला रिकामा परत पाठवला.

"सिस्टिम घेत नाही." हे वाक्य ऐकलं नाही असा एकही माणूस या पोस्टच्या वाचकांत नसेल. रेशनच्या दुकानात, दाखल्याच्या खिडकीवर, शाळेच्या प्रवेशाला, बँकेत. आणि आपण ते असं ऐकून घेतो, जणू सिस्टिम म्हणजे अवकाळी पाऊस. आला, काय करणार?

मंडळी, सिस्टिम आभाळातून पडत नाही. ती काय घेईल आणि काय घेणार नाही, हे एका कागदावर आधी लिहिलेलं असतं. त्या कागदाखाली कोणाची तरी सही असते. आज त्या सहीबद्दल बोलायचंय. पोस्ट लांब आहे, पण वाचा. ती सही आपल्या नावावर होते आणि आपल्याला तिचा पत्ताही नसतो.

मी हे बाहेरून बोलत नाहीये. सोळा वर्षं याच धंद्यात आहे. बिझनेस ॲनालिस्ट म्हणतात आम्हाला. काम एवढंच, की ज्यांना सॉफ्टवेअर हवंय त्यांना विचारायचं, त्यांना नेमकं काय हवंय ते लिहून काढायचं आणि बनवणाऱ्यांच्या हातात द्यायचं. सरकारी कामात याची एक ठरलेली चाल असते. टेंडर निघतं, वर्क ऑर्डर मिळते, मग सहा-आठ आठवड्यांत आम्ही ‘एसआरएस’ नावाचं बाड तयार करतो. त्यात सगळ्या गरजा क्रमांक घालून लिहिलेल्या असतात. त्यावर कार्यालयाची मंजुरी घ्यायची, म्हणजे ‘साइन-ऑफ’. सही झाली की बाड गोठलं. पुढचं डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग सगळं त्या बाडाबरहुकूम. नंतर काही बदलायचं असेल तर ‘चेंज रिक्वेस्ट’, म्हणजे वेगळी फाइल, वेगळी मंजुरी, वेगळे पैसे.

ही पद्धत वाईट नाही. घराचा नकाशा आधी मंजूर करून मगच पाया खणतात, तसंच हे. पण या इमल्याचा सगळा भार त्या एका सहीवर असतो. सही पोकळ असेल तर वरचे मजले कितीही नीट बांधा.

आता माझीच गोष्ट सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका महापालिकेच्या करवसुलीचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीकडे होतं. पालिकेचं नाव घेत नाही, कारण त्यात त्या पालिकेचं विशेष असं काही नाही. मी तीन आठवडे मुख्यालयात बसून माहिती गोळा केली. कोणाकडून? कर विभागाच्या साहेबांकडून, त्यांच्या पीएंकडून आणि संगणक विभागातल्या एका तरुण इंजिनिअरकडून. वॉर्ड ऑफिसच्या भरणा खिडकीवर मी एकदाही गेलो नाही. वेळापत्रकात ते नव्हतंच.

२८० पानांचं इंग्रजी बाड तयार झालं. साइन-ऑफची मीटिंग लागली. साहेबांना लगेच दुसऱ्या मीटिंगला जायचं होतं. मी स्लाइड दाखवल्या, मध्येच चहा आला, साहेबांनी विचारलं, "सगळं घेतलंय ना यात?" मी म्हणालो, "हो सर." शेवटच्या पानावर सही आणि शिक्का. एकूण पंचवीस मिनिटं. बाहेर आल्यावर मॅनेजरने माझी पाठ थोपटली. त्या सहीवर आमच्या बिलाचा पहिला मोठा हप्ता अडकला होता आणि मार्च एंड तोंडावर होता.

नऊ महिन्यांनी सिस्टिम सुरू झाली. पहिल्याच सोमवारी वॉर्ड ऑफिसमधून फोन. वीस वर्षं खिडकीवर काढलेल्या एक बाई विचारत होत्या, "अहो, पार्ट पेमेंट कुठे घ्यायचं? इथे तर बटणच नाही."

मी बाड उघडलं. एक वाक्य होतं, ‘प्रणाली बिलाच्या रकमेइतका भरणा स्वीकारेल’ अशा अर्थाचं. मीच लिहिलं होतं. हाती लिहिलेल्या पावत्यांच्या काळात त्या बाई रोज कित्येकांकडून निम्मे-अर्धे पैसे घेत होत्या, पावती फाडून देत होत्या आणि रजिस्टरला बाकी लिहून ठेवत होत्या. साहेबांना हे माहीत होतं, पण सांगण्याइतकं मोठं वाटलं नाही. मला विचारायचं सुचलं नाही. आणि ज्यांना माहीतही होतं आणि मोठंही वाटत होतं, त्या बाई त्या खोलीत नव्हत्या.

पालिकेने बदल मागितला तेव्हा मी काय म्हणालो? "सर, साइन-ऑफ झालंय. चेंज रिक्वेस्ट द्यावी लागेल." ती फाइल सात महिने फिरली. सात महिने माणसं खिडकीवरून परत गेली. मला तेव्हा वाटत होतं की मी नियमाने वागलो. आज म्हणतो, मी त्या सहीची ढाल केली आणि तिच्यामागे लपलो.

मागच्या आठवड्यातली पालिका वेगळी, कंपनी वेगळी, आणि वाक्य मात्र तेच. म्हणून ही पोस्ट.

आता ही मंजुरी पोकळ का असते, ते आतून सांगतो.

पहिलं, भाषा. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा. ऑफिसातली टिपणी मराठीत, ठराव मराठीत, आपल्याला येणारी नोटीस मराठीत. आणि ज्या सॉफ्टवेअरवर पुढची दहा वर्षं ऑफिस चालणार, त्याचं बाड इंग्रजीत! ‘द सिस्टिम शॅल’ने सुरू होणारी शेकडो वाक्यं. आयुष्यभर मराठीत काम केलेला हुशार हेडक्लार्क त्या बाडापुढे गप्प बसतो. त्याला काम येतं, पण त्या बाडाची भाषा येत नाही आणि तसं चारचौघांत म्हणायची लाज वाटते. त्याच्या गप्प बसण्याला आम्ही मीटिंगच्या इतिवृत्तात ‘सहमती’ लिहितो. हे मी स्वतः लिहिलेलं आहे.

दुसरं, माणूस. सही करणारा वापरणारा नसतो. राज्याच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात नेमणुकीचा सर्वसाधारण काळ तीन वर्षं धरलाय. सॉफ्टवेअर सुरू व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. तोवर सही केलेले साहेब अनेकदा दुसऱ्या जिल्ह्यात असतात. परिणाम भोगणारी ताई त्याच खिडकीवर असते. आणि आपण त्याच रांगेत.

तिसरं, ‘मानीव’ मंजुरी. अनेक करारांत एक कलम असतं, की बाड दिल्यापासून अमुक दिवसांत लेखी शेरे आले नाहीत तर ते मंजूर समजलं जाईल. सोसायटीत राहणाऱ्यांना मानीव अभिहस्तांतरण माहीत असेल. बिल्डर सही करायला तयार नसेल तर फ्लॅटधारकांना त्याच्या सहीवाचून हक्क मिळावा म्हणून ती सोय आहे. दुबळ्याच्या बाजूने आहे. इथे तीच युक्ती उलटी फिरवलीय. ज्याला वाचायला वेळ नव्हता, ज्याला भाषा येत नव्हती, त्याचं गप्प बसणं म्हणजे होकार.

चौथं, पैसा. सहीला बिलाचा हप्ता बांधलेला असतो. कंपनीला सही लवकर हवी. अधिकाऱ्यालाही प्रगती अहवालात ‘गरजा निश्चित’ दाखवायचं असतं. दोघांनाही घाई आणि दोघंही खूश. ज्याला घाई नको होती, तो तिसरा माणूस त्या खोलीतच नसतो.

हे फक्त पालिकांचं नाही. २०२१ च्या मार्चमध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर ॲप आलं. ते वापरायचं होतं अंगणवाडी सेविकांनी. त्या कोणती भाषा लिहितात, त्यांच्या हातात कोणता सरकारी फोन आहे, हे सगळं आधीपासून माहीत होतं. तरी महाराष्ट्रातल्या सेविकांच्या हाती इंग्रजी ॲप आलं आणि फोन असे की त्यावर ते धड चालेना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेविकांनी सरकारी मोबाइल परत करायचं आंदोलन केलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढे ॲपमध्ये भाषा वाढल्या. छान झालं. पण मला सांगा, यासाठी आंदोलन का लागावं? गडचिरोलीची एक, नंदुरबारची एक आणि मुंबईच्या वस्तीतली एक, अशा तीन सेविकांना त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच गावातल्या दहा मुलांची नोंद करायला लावली असती, तर एका दुपारी सगळं बाहेर आलं असतं. सेविकांच्या आंदोलनाला ‘तंत्रज्ञानाला विरोध’ म्हणणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय, की ती मंजुरीच्या वेळी न ऐकलेली हरकत होती. उशिरा नोंदवली गेली आणि रस्त्यावर नोंदवली गेली.

"मग काय करायचं? ही परदेशी पद्धत आहे, आपल्याकडे रुजायला वेळ लागणार," असं काही जण म्हणतील. मला हसू येतं. मंजुरी कशी घ्यायची हे आपल्या गावकीला चांगलं माहीत आहे.

सातबारावर फेरफार कसा होतो ते आठवा. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, नोंद घेतात. पण नोंद घेतली म्हणजे झालं नाही. जमीन महसूल संहितेचं कलम १५० सांगतं, की नोंदीची प्रत चावडीवर लावा, ज्यांचा ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस द्या. हरकतीला मुदत ठेवा. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहा, दोन्ही बाजू ऐका, निकाल द्या. आणि नोंद प्रमाणित करणार मंडळ अधिकारी, म्हणजे लिहिणारा वेगळा आणि प्रमाणित करणारा वेगळा. पंधरा गुंठ्यांच्या नोंदीला एवढी काळजी! आणि दहा लाख लोकांच्या शहराची करवसुली ज्यावर चालणार त्या बाडाला पंचवीस मिनिटं आणि एक कप चहा.

त्याहून चांगलं उदाहरण चावडी वाचनाचं. हस्तलिखित सातबारा संगणकावर घेताना नावं, क्षेत्रं, खाती यांत चुका झाल्या. त्या पकडायला २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचन झालं. संगणकातला सातबारा मोठ्याने वाचायचा, ज्याचा गट त्याने ऐकायचं आणि चूक असेल तर तिथेच सांगायची. पुढे १ मे २०१८ ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला. आधी वाचन, मग स्वाक्षरी. क्रम बघा.

सगळीकडे ते नीट झालं असं मी म्हणत नाही. काही गावांत वाचन कागदावरच झालं असेल, आणि दुरुस्तीसाठी आजही लोक तहसीलला खेटे घालतायत. पण पद्धतीतली अक्कल बघा. शेतकऱ्याला डेटाबेस कळावा अशी कोणाची अपेक्षा नव्हती. त्याला त्याचा गट नंबर, त्याचं क्षेत्र आणि त्याच्या बापाचं नाव माहीत होतं. तेवढं पुरलं.

भरणा खिडकीवरच्या बाईंचंही तसंच. ‘रिक्वायरमेंट’ कशी लिहितात हे त्यांना माहीत नसेल. पण त्यांच्यापुढे दहा खरी बिलं ठेवा आणि बाडातली वाक्यं मराठीत वाचून दाखवा. तिसऱ्या बिलाला त्या म्हणतील, "थांबा, यांनी निम्मेच आणलेत. आता?" सात महिन्यांची चेंज रिक्वेस्ट त्या एका "आता?"मध्ये वाचते.

यावर माझ्याच व्यवसायातले मित्र तीन गोष्टी म्हणतात. तिन्हींना उत्तर देतो.

"लोकांना काय हवंय ते त्यांनाच कळत नाही." कोऱ्या कागदावर सांगा म्हटलं तर कोणालाच सांगता येत नाही, तुम्हालाही नाही. पण समोर चुकीचं आलं की ज्याचं काम असतं त्याला ते लगेच दिसतं. मंजुरीला तेवढंच लागतं.

"सगळ्यांना विचारत बसलो तर काम कधी होणार?" सगळ्यांना विचारू नका. दहा खिडक्यांवरची दहा माणसं आणि दोन दिवस. माझ्या त्या प्रकल्पात सात महिने वाया गेले. दोन दिवस महाग होते?

"हे सगळं जुनं झालं, आता अजाईल करा. पंधरा दिवसांनी दाखवा, बदलत जा." खाजगी कंपनीत जरूर करा. पण सार्वजनिक पैशाला टेंडर असतं, ठरलेली किंमत असते, उद्या लेखापरीक्षण असतं. काय ठरलं होतं हे कागदावर नसेल तर कंत्राटदाराला जाब कशाच्या आधारावर विचारणार? मला बाड हवंय आणि सहीही हवीच. ज्या पद्धतीत नंतर बदलणं महाग असतं, तिच्यात आधीची मंजुरी खरी असायलाच हवी. ती खोटी ठेवून वर बदलाचे पैसे मागणं, ही शुद्ध लूट आहे.

आणि जाड बाड म्हणजे पक्की मंजुरी, असाही कोणाचा समज नको. अमेरिकेच्या एफबीआयने गुन्ह्यांच्या फायलींसाठी ‘व्हर्च्युअल केस फाइल’ नावाची सिस्टिम करायला घेतली. गरजांचं बाड ८०० पानांच्या वर गेलं, तरी गरजा बदलत राहिल्या. सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये ते काम गुंडाळावं लागलं. पानं मोजून सहमती मोजता येत नाही, तिकडेही नाही.

म्हणून माझ्या मागण्या. आपल्या पालिकेकडे, जिल्हा परिषदेकडे आणि लोकांच्या पैशाने सॉफ्टवेअर घेणाऱ्या प्रत्येक कार्यालयाकडे.

१. गरजांचं बाड मराठीत असावं. तांत्रिक भाग इंग्रजीत राहू दे, पण ‘काय घेईल, काय घेणार नाही’ हा भाग मराठीतच.

२. सहीआधी वाचन व्हावं. जिथे वापर होणार त्या खिडकीवर, खऱ्या प्रकरणांसह. निम्मे पैसे आणणारे काका, मयताच्या नावावरचं घर, नावात चूक असलेलं बिल, हे सगळे त्यात हवेत.

३. हरकत नोंदवही ठेवावी. कोण काय म्हणालं, त्यावर काय ठरलं आणि मान्य केलं नसेल तर का, हे लिहावं. एकही हरकत नसलेलं बाड आलं तर साहेबांनी सही करू नये. म्हणजे कोणी वाचलेलंच नाही.

४. विभागप्रमुखांच्या सहीबरोबर प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या प्रतिनिधींचीही सही असावी. आणि त्यांना ‘नाही’ म्हणायची मुभा असावी. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला काही किंमत नसते.

५. मानीव मंजुरीचं कलम करारातून काढावं. हप्ता नुसत्या सहीवर न देता वाचन झाल्याच्या आणि हरकती निकाली निघाल्याच्या नोंदीवर द्यावा.

यातल्या एकाही मागणीला नवा कायदा लागत नाही. टेंडरमध्ये पाच ओळी वाढवाव्या लागतील, बस.

आता आपलं काम. माहितीच्या अधिकाराचं कलम ४ सांगतं, की लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व माहिती कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावी. करत नाहीत, तर मागा. साधा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. अर्जात एवढंच लिहा:

‘करवसुली संगणक प्रणालीच्या मंजूर गरजा-दस्तऐवजाची प्रत. त्यावर सही करणाऱ्यांची पदनामं आणि तारीख. मंजुरीपूर्वी प्रत्यक्ष वापर करणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून घेतलेल्या सूचना व हरकती आणि त्यांवरील निर्णय यांची प्रत. मंजुरीनंतर झालेल्या बदल-मागण्यांची यादी आणि प्रत्येकीवर झालेला खर्च.’

शेवटचा मुद्दा गाळू नका. सहीच्या वेळी काय विचारायचं राहिलं, ते त्या यादीत रुपयांत लिहिलेलं सापडेल.

माझा अर्ज मी सोमवारी देतोय. उत्तर आलं की इथेच टाकेन, जसंच्या तसं. तुमच्या गावातलं, तुमच्या पालिकेतलं उत्तर तुम्ही खाली टाका. खिडकीवर काम करणारे जे कोणी हे वाचतायत, त्यांनी कोणती गोष्ट ‘सिस्टिम घेत नाही’ ते नाव न देता लिहिलं तरी चालेल. तुमच्यावर लोक रोज चिडतात, आणि तुम्हाला तर कोणी विचारलंही नव्हतं, हे मला माहीत आहे. न विचारणाऱ्यांत मीही होतो.

आणि ते काका कोणाला भेटले तर सांगा, निम्मे पैसे घ्यायची सोय करता येते. अवघड अजिबात नाही. कोणीतरी आधी विचारायला हवं होतं, एवढंच.